टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी: जुन्या घरातल्या बाथरूमचा खर्च कसा मांडायचा

एका रविवारी आम्ही घरातली पाच माणसं बेळगावातल्या टाइल्सच्या दुकानात तीन तास बसलो होतो. मालकांशी घासाघीस करून फुटामागं पाच रुपये कमी करून घेतले आणि लढाई जिंकल्यासारखे वडगावला परत आलो. रात्री मी वहीत गुणाकार मांडला. २०५ फूट गुणिले पाच, म्हणजे १,०२५ रुपये. गवंड्याची जेमतेम एक दिवसाची हजेरी. त्याच आठवड्यात मोरीची भिंत फोडली आणि आत गंजून चाळण झालेला लोखंडी पाइप निघाला. प्लंबर म्हणाला, "अक्का, नुसती नळ्ळी बदलून भागत नाही, आख्खी लाइनच सडल्या." आमच्या अंदाजपत्रकात त्या लाइनीसाठी एक रुपयाही नव्हता.

म्हणून हा लेख उलट्या बाजूनं लिहिते आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंपासून खर्च मांडायला घेतला की हिशेब चुकतो. भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली जे गाडलं जाणार, त्याचे पैसे आधी बाजूला काढायचे. उरतील त्यात टाइल्स, शॉवर आणि आरसा.

मोरी, बच्चल की बाथरूम

पहिला प्रश्न: नेमकं काय करायचंय? बेळगावातल्या वडगाव, शहापूर, अनगोळकडच्या जुन्या घरांत मागच्या बाजूला मोरी, तिथंच बंब आणि संडास परसात, अशी मांडणी असायची. आता संडास आत घ्यायचा, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसाठी कमोड बसवायचा, की नुसती फरशी बदलायची? तिन्ही कामांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नळ, कमोड आणि बेसिन जिथं होती तिथंच ठेवली तर खर्च निम्म्यावर येतो असं नाही, पण डोकेदुखी नक्की निम्म्यावर येते. कमोड चार फूट सरकवला की जमिनीखालची चार इंची लाइन, तिचा ढाळ, चेंबर, सगळंच सरकतं.

आपल्याकडे गवंडी मराठी, प्लंबर कन्नड आणि दुकानातलं बिल इंग्रजीत, हे नेहमीचंच. आपण मोरी म्हणतो, प्लंबर बच्चल म्हणतो, बिलावर बाथरूम असतं. म्हणून तोंडी ठरवू नका. वहीच्या एका पानावर वरून दिसेल तसं चित्र काढा. दार कुठं, नळ कुठं, कमोड कुठं, पाणी कुठल्या कोपऱ्यात जाणार, सगळं दाखवा. प्रत्येक नळाची जमिनीपासूनची उंची इंचात लिहा. आकड्यांना भाषा लागत नाही. आमचे निम्मे वाद या पानानं मिटवले.

आधी टेप, मग पैसे

पुढचा सगळा हिशेब ७ फूट बाय ५ फुटांच्या बाथरूमचा आहे. तुमची मापं घालून तो तसाच करता येईल.

चारी भिंतींची लांबी मिळून २४ फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल्स लावायच्या तर १६८ चौरस फूट. अडीच बाय सातचं दार वजा केलं की १५० राहतात. जमीन ३५. बेरीज १८५. त्यावर दहा टक्के तूट धरायची, म्हणजे साधारण २०५. टाइल्स तिरप्या लावायच्या असतील किंवा भिंती काटकोनात नसतील (जुन्या घरात नसतातच), तर पंधरा टक्के धरा. खोक्यावर किती नग आणि किती फूट ते छापलेलं असतं. दुकानदाराच्या तोंडी आकड्यापेक्षा ते वाचा आणि खोकी मोजून मागवा. न फोडलेली खोकी परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलाच्या मागं लिहून घ्या.

तोडफोडीचं मोजमाप कुणीच करत नाही. जुनी फरशी आणि कोबा मिळून चार इंच खणलं आणि भिंतीचा दीड इंच गिलावा काढला तर सुमारे ३० घनफूट ऐवज निघतो. फुटल्यावर तो फुगतो आणि ४५ घनफूट, म्हणजे जवळपास अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) राडारोडा होतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरला तर चाळीसेक पोती. गल्ली अरुंद असेल तर ट्रॅक्टर दारापर्यंत येत नाही. मग डोक्यावरून वाहून न्यायची हमाली वेगळी लागते. आमच्या गल्लीत तीच लागली. मोरीची जुनी शहाबादी फरशी मात्र जपून काढा. परसात धुण्याच्या दगडाभोवती तिच्यासारखी दुसरी फरशी नाही.

सिमेंट-वाळूचा अंदाज असा: भिंतींचा गिलावा आणि जमिनीचा दोन इंची कोबा मिळून पाच-सहा पोती सिमेंट आणि सुमारे २० घनफूट वाळू. भिंत वाकडीतिकडी असेल तर एखादं पोतं जास्त.

भिंत कशाची आहे ते ठोकून बघा

हे खास आपल्या भागासाठी. बेळगाव-खानापूरकडे जुन्या भिंती जांभ्या दगडाच्या, कित्येकदा मातीत बांधलेल्या असतात. निपाणी-चिकोडीकडे काळा दगड किंवा विटा. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. मातीतल्या बांधकामात मशीननं खोल चर मारला की आतून माती ढासळायला लागते आणि चार इंचाचा चर बघता बघता फूटभर रुंद होतो. अशा भिंतीत पाइप खोल गाडण्याचा हट्ट धरू नये. पाइप भिंतीच्या बाहेरून न्यायचे आणि पुढं चार इंचाची विटांची आडभिंत घालून झाकायचे. चार इंच जागा जाते, पण साबण आणि तांब्या ठेवायला आपोआप कट्टा मिळतो. चर मारलाच तर बुजवताना वर तारेची जाळी ठोकून गिलावा करायचा, नाहीतर वर्षभरात तिथंच टाइल्सच्या सांध्यात तडा दिसतो. जाळी, खिळे आणि जादा सिमेंट यांचे पैसे आधीच लिहून ठेवा.

माडीवर लाकडी तुळया आणि फळ्या असतील तर तिथं नवं बाथरूम काढण्याआधी इंजिनिअरला एकदा दाखवाच. त्याची फी पुढच्या नुकसानापुढं काहीच नाही.

पाइप आणि पाणी अडवणं: इथं काटकसर नको

गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप. साधा पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी असतो. गच्चीवर सोलर असेल किंवा पुढं बसवणार असाल तर गरम पाण्याची लाइन आत्ताच वरपर्यंत नेऊन तोंड बंद करून ठेवा. आता त्याला दोन-चार लांब्या पाइप लागतील, नंतर टाइल्स फोडाव्या लागतील. पाइप बसल्यावर, गिलाव्याच्या आधी, सगळी तोंडं बंद करून हातपंपानं दाब द्यायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी काटा खाली आला असेल तर गळती आहे. हा पंप प्लंबरकडे असतो किंवा भाड्यानं मिळतो. "आमचं काम गळत नाही," असं प्लंबर म्हणाला तरी दाब द्या. आमचा म्हणाला होता. दोन सांधे निघाले.

त्यानंतर वॉटरप्रूफिंग. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा, म्हणजे कोपरा भरणारी गोलाई, काढायची. त्यावर सिमेंटमध्ये कालवायच्या पॉलिमरचे दोन हात द्यायचे. जमिनीवर संपूर्ण, भिंतीवर फूटभर वर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी निघून जायच्या तोंडाच्या) कडेनं आणि कमोडच्या पाइपाभोवती हात विशेष भरून द्यायचा, कारण गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. वाळल्यावर ट्रॅपचं तोंड बोळा घालून बंद करायचं आणि दोन इंच पाणी भरून ४८ तास सोडायचं. बाहेरच्या भिंतीला ओल आली नाही तरच टाइल्स. हे दोन दिवस गवंड्याला नकोसे असतात, त्याला दुसऱ्या साइटवर जायचं असतं. ठरवतानाच सांगून ठेवा की मधले दोन दिवस सुट्टीचे आहेत.

ढाळ: ८० ला १ पुरतो. म्हणजे पाच फुटाला पाऊण इंच, सात फुटाला जवळपास एक इंच. कोबा झाल्यावर बादलीभर पाणी ओता आणि कुठं थांबतंय ते बघा. टाइल्स लागल्यावर बघून उपयोग नाही. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली हवी आणि दारात ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा उंबरा.

जुन्याच टाइल्सवर नव्या चिकटवल्या तर तोडफोड वाचते, हे खरं. पण खालचे पाइप लोखंडी आणि जुने असतील तर ही बचत उसनवारीच. शिवाय जमीन वर चढते आणि दार घासायला लागतं.

दुकानात विचारायच्या चार गोष्टी

कमोडच्या बाबतीत माझी चूक सांगते. मी रंग बघितला, कंपनी बघितली, बसून सुद्धा बघितलं. माप बघितलं नाही. जमिनीत सोडायच्या कमोडला एस ट्रॅप म्हणतात आणि भिंतीपासून त्याच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर नऊ इंच की बारा इंच, हे आधी ठरलेलं असावं लागतं. भिंतीत जाणारा तो पी ट्रॅप. आमचा पाइप नऊ इंचावर, मी आणला बाराचा. अंतर भिंतीच्या टाइल्स लागल्यानंतरच्या पृष्ठभागापासून मोजायचं असतं, हेही तेव्हाच कळलं. बदलून मिळाला, पण नेण्या-आणण्याचं रिक्षाभाडं दोनदा पडलं.

शॉवरबद्दल: गच्चीवरच्या टाकीचा तळ शॉवरपेक्षा दहा फूट वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. बैठ्या घरात टाकी चार-पाच फूटच वर असते. मोठा ताटाएवढा रेन शॉवर अशा दाबावर नुसता ठिबकतो. तो हवाच असेल तर प्रेशर पंपाचे पैसे धरा, नाहीतर लहान तोंडाचा शॉवर घ्या. बादली-तांब्या तर आहेच की.

जमिनीच्या टाइल्स मॅट घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे महिना-महिना ऊन पडत नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर त्याहून जास्त. चकचकीत टाइल्सवर ओलावा टिकतो आणि म्हातारी माणसं घसरतात. कमोडशेजारी स्टीलचा दांडा बसवायचा असेल तर त्याची जागा गिलाव्याच्या आधी गवंड्याला दाखवा, तिथं आत भक्कम दगड किंवा काँक्रीट हवं.

आणि दर सांगितला की विचारा: करासकट की कराविना? टाइल्सवर १८ टक्के जीएसटी आहे. आपण पाच रुपये कमी करून घेतो आणि "जीएसटी वेगळा" म्हटलं की दुप्पट परत जातात. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा त्याआधीचं कुणाचं अंदाजपत्रक बघून चालू नका.

निपाणीकडची मंडळी कोल्हापूरला जाऊन माल आणतात. जीएसटी दोन्हीकडे तेवढाच. फरक पडला तर दुकानदाराच्या नफ्यात आणि निवडीत पडतो. त्यातून टेम्पोभाडं, वाटेत फुटणारे नग आणि कमी पडलेलं एक खोकं आणायची दुसरी खेप वजा करा. पन्नास हजारांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा ऑनलाइन कागद) लागतं, ते दुकानदाराकडून करून घ्या. एका बाथरूमच्या मालासाठी, माझ्या मते, हे सगळं पुरत नाही. आख्ख्या घराची फरशी असेल तर गोष्ट वेगळी.

विजेचा गीझर आणि गृहज्योती

२ किलोवॉटचा गीझर रोज तासभर तापला तर महिन्याला ६० युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत तुमच्या आधीच्या सरासरीवर थोडी वाढ धरून युनिट माफ होतात आणि २०० च्या वर गेलात तर पूर्ण बिल भरावं लागतं. आज बंबावर किंवा गॅसवर पाणी तापवणाऱ्या घराची सरासरी कमी असते. गीझर आला की माफीच्या वरचे युनिट सुरू होतात. म्हणून हेस्कॉमची (आपल्याकडच्या वीज कंपनीची) मागची बिलं काढून बघा आणि मगच गीझर की सोलर ते ठरवा. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत लावू नका, त्याचा वायू जीव घेतो.

गीझरला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, मीटरपासून वेगळी वायर, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा स्विच. बोअरचं पाणी जड असेल तर गीझरच्या टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड ठराविक काळानं बदलावा लागतो. तो खर्च दरसालचा.

आता वही उघडा

खालचे दर हिशेब दाखवण्यापुरते, करासकट धरलेले आहेत. तुमच्या गावचे आणि या आठवड्याचे दर विचारून भरा. फूट, पोती आणि दिवस मात्र असेच निघतील.

तोडफोड, चार मजूर-दिवस आणि राडारोड्याची खेप: ४,७००
सिमेंट सहा पोती आणि वाळू: ४,२८०
गवंडी आणि हाताखालचा माणूस, चार दिवस: ६,८००
पाइप, फिटिंग आणि प्लंबरची मजुरी: १८,०००
वॉटरप्रूफिंग, माल आणि मजुरी: ६,०००
टाइल्स २०५ फूट, ५५ रुपयांनी: ११,२७५
टाइल्सचं चिकट सिमेंट पाच पोती आणि ग्राउट (सांधे भरायची पूड): ३,२५०
टाइल्स बसवणं १८५ फूट, ४० रुपयांनी: ७,४००
कमोड, बेसिन, शॉवर, नळ, अँगल कॉक: २३,५००
वायरिंग आणि गीझर: १२,०००
दार, झरोका, एक्झॉस्ट पंखा: ९,०००

बेरीज १,०६,२०५. जुन्या घरासाठी यावर पंधरा टक्के, म्हणजे सुमारे १६,०००, वेगळ्या पाकिटात ठेवा. झाले १,२२,०००. हे पाकीट शॉवर वाढवण्यासाठी नव्हे, भिंत फोडल्यावर जे निघेल त्यासाठी. सगळे पाइप बसून दाबाची रात्र पार पडली आणि पाकीट तसंच राहिलं, तरच त्याला हात लावायचा.

आता आकडे नीट बघा. टाइल्स, ज्यांच्यासाठी घरातले सगळे भांडतात, एकूण खर्चाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाच्या आहेत. ५५ ऐवजी ११० च्या घेतल्या तरी अकरा हजारच वाढतात. वॉटरप्रूफिंग गाळलं तर सहा हजार वाचतात, आणि दोन पावसाळ्यांनी तेच काम पुन्हा पहिल्या ओळीपासून करावं लागतं.

बजेट लाखाच्या आत बसवायचं असेल तर काय कापायचं? भिंतीच्या टाइल्स तीन बाजूंना चार फुटांपर्यंतच घ्या आणि वर रंग द्या. शॉवरची बाजू पूर्ण ठेवा. बेसिन बाहेर असेल तर आतलं काढा. भिंतीत गाडायच्या डायव्हर्टरऐवजी (गरम-गार पाणी वळवणाऱ्या नळाऐवजी) बाहेरून दिसणारा मिक्सर घ्या. तो बिघडला तर पान्यानं बदलता येतो, भिंत फोडावी लागत नाही. गीझरचा पॉइंट काढून ठेवा, गीझर पुढच्या दिवाळीला. पाइप, ढाळ, वॉटरप्रूफिंग आणि अर्थिंग यांना हात लावायचा नाही.

काम द्यायचं कसं

रोजंदारीवर की गुत्त्यावर, म्हणजे ठरीव रकमेच्या ठेक्यावर? तोडफोड रोजंदारीवर द्या, कारण आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं आणि गुत्तं घेणारा भीतीपोटी जास्त सांगतो. टाइल्स बसवणं फुटावर द्या. प्लंबिंग पॉइंटवर ठरतं, पण "पॉइंट"मध्ये काय काय येतं ते लिहून घ्या. चर मारणं आणि बुजवणं प्लंबरचं की गवंड्याचं? आमच्याकडे दोघंही म्हणाले "त्याचं," आणि दोन दिवस चर तसेच उघडे राहिले. माल स्वतः आणा, म्हणजे बिलं आणि गॅरंटी कार्डं तुमच्याकडे राहतात.

पैसे टप्प्यानं द्या. आठवडी बाजाराच्या दिवशी उचल मागितली जाते, ती द्यावी, माणसांची चूल त्यावर असते. पण झालेल्या कामापुरतीच, वहीत तारीख घालून आणि समोरच्याची सही घेऊन. टाइल्स लागून नळ बसेपर्यंत प्लंबरच्या पैशांतला तिसरा हिस्सा आपल्याच हातात हवा, कारण नळ बसवायला तो परत यायला हवा.

दिवस धरा पंधरा: तोडफोड दोन, पाइप तीन, गिलावा-कोबा आणि त्याला पाणी मारणं तीन-चार, वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून ठेवणं चार, टाइल्स तीन, नळ-कमोड एक-दोन. बेरीज पंधराच्या वर गेली ना? जातेच. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा. जूनमध्ये सुरू केलं तर वाळू ओली, गिलावा वाळत नाही आणि शेतीच्या कामांमुळे खेड्यातून येणारी माणसं निम्मी. घरात एकच बाथरूम असेल तर या दिवसांची सोय आधी बघा. आम्ही परसात ताडपत्री बांधून तात्पुरती मोरी केली. ताडपत्री, बांबू, दोरी: ९०० रुपये. तेही वहीत लिहिलेलंच बरं.

गिलावा करण्याआधी चारी भिंतींचे टेप लावून फोटो काढा, पाइप कुठून गेलेत ते दिसेल असे. आमच्या नवऱ्यानं पुढच्याच महिन्यात आरशासाठी ड्रिल हातात घेतलं, तेव्हा मी आधी मोबाइल पुढं केला. पाइप बरोब्बर तिथंच होता. आरसा सहा इंच डावीकडे लागला. शेवटचं बिल मिटवाल तेव्हा प्रत्येक प्रकारच्या चार-पाच टाइल्स आणि ग्राउटचं उरलेलं पाकीट माळ्यावर ठेवून द्या. तीच छटा पुढच्या लॉटमध्ये मिळत नाही.